घराचा हप्ता ठरला, पण घराचा खर्च? फ्लॅट घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मुंबई, ठाणे, पुणे या भागांत सोसायटीतला फ्लॅट घेणाऱ्यांना, विशेषतः जुन्या इमारतीत घेणाऱ्यांना, जे प्रश्न पडतात ते इथे घेतले आहेत. शेवटी गावाकडच्या कौलारू घराबद्दलही एक प्रश्न आहे, कारण फ्लॅटचे हप्ते फेडणाऱ्या कितीतरी जणांच्या वाट्याला तेही घर असतंच.

फ्लॅटची किंमत ८० लाख ठरली आहे. प्रत्यक्षात हातात किती पैसे लागतील?

पुण्याचं उदाहरण घेऊ. तिथे मुद्रांक शुल्क ७ टक्के पडतं: मूळ ५ टक्के, स्थानिक संस्थेचा १ टक्का आणि मेट्रोचा अधिभार १ टक्का. ८० लाखांवर हे ५ लाख ६० हजार झाले. नोंदणी फी १ टक्का असली तरी तिला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. म्हणजे फक्त दस्त नोंदवायला ५ लाख ९० हजार. मुंबई शहरात मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे. खरेदी केवळ स्त्रीच्या, किंवा फक्त स्त्रियांच्या, नावावर असेल तर १ टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ती सवलत जाते.

शुल्क करारातल्या रकमेवर की रेडी रेकनरच्या (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या) दरावर, तर दोन्हींपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर. स्वस्तात व्यवहार जमला म्हणून शुल्कही स्वस्त होईल असं धरून चालू नका.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट बिल्डरकडून घेत असाल तर ५ टक्के जीएसटी लागतो आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या किंवा पुनर्विक्रीच्या फ्लॅटवर जीएसटी नाही.

कर्ज घेतलं की बँकेची प्रक्रिया फी, वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन फी येते. शिवाय मालकी हक्काचे दस्त बँकेकडे तारण ठेवल्याबद्दलचं मुद्रांक शुल्क वेगळं असतं, मोठ्या कर्जावर ते ०.३ टक्के. ५० लाखांच्या कर्जाला १५ हजार. बँकेतला माणूस कर्जाबरोबर विमा पॉलिसी पुढे करतो. तिचा हप्ता कर्जात मिसळला की त्यावर वीस वर्षं व्याज भरावं लागतं. ती घेणं सक्तीचं नाही. विमा हवाच असेल तर कर्जाबाहेर स्वतंत्र घ्या.

विकणाऱ्याचा कर मी का भरायचा?

भरायचा नाही, कापून जमा करायचा. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का कर विकणाऱ्याच्या रकमेतून कापून तुमच्या हातून सरकारकडे जातो. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांच्या आत विवरणासह भरायचा. उशीर झाला तर रोज २०० रुपये विलंब शुल्क आणि वर व्याज, आणि तो भुर्दंड विकणाऱ्याला नाही, तुम्हाला पडतो. विकणारा परदेशस्थ असेल तर कापणीचा दर बराच जास्त असतो. अशा वेळी सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका.

सोसायटी हस्तांतरणासाठी दोन लाख ‘ऐच्छिक देणगी’ मागते आहे. द्यायची का?

नाही. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमावलीप्रमाणे) हस्तांतरण फी ५०० रुपये आणि प्रवेश फी १०० रुपये. हस्तांतरणाचं अधिमूल्य (प्रीमियम) सर्वसाधारण सभा ठरवते, पण महानगरपालिका क्षेत्रातही ते २५ हजारांच्या वर नेता येत नाही. वारसाच्या नावावर हस्तांतरण असेल तर अधिमूल्यच लागत नाही. देणगी, विकास निधी, रंगकाम सहभाग अशी कुठलीही नावं देऊन त्याहून जास्त रक्कम मागता येत नाही. मागणी लेखी द्या म्हणून सांगा, बहुतेकदा मागणी तिथेच थांबते.

पण आधीच्या मालकाची थकबाकी ही खरी गोष्ट आहे. थकबाकीवर सोसायटी वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावू शकते. ‘बाकी नाही’ असं पत्र करारनाम्याच्या आधी घ्या, ताबा घेताना नव्हे.

महिन्याचं देखभालीचं बिल म्हणजे नेमके कशाचे पैसे?

बिलात चार-पाच वेगवेगळे हिशेब एकत्र असतात. सेवा शुल्क, म्हणजे सुरक्षारक्षक, सफाई, जिन्यातले दिवे आणि कार्यालयीन खर्च, सहकारी गृहनिर्माण संस्थेत सर्व सदनिकांना समान असतं. फ्लॅट एक बेडरूमचा असो की तीनचा, आकडा तोच. मालमत्ता कर ज्याचा त्याच्यावर. पाण्याचे पैसे नळजोडांच्या संख्येवर. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर. तुमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेली असेल (पुण्यात अशा पुष्कळ आहेत) तर वाटणी समान नसून अविभक्त हिश्श्याच्या (जमीन आणि सामाईक भागांतल्या तुमच्या वाट्याच्या) प्रमाणात होते. घर घेण्याआधी ‘सोसायटी आहे की अपार्टमेंट’ हे विचाराच. मोठ्या फ्लॅटला त्याने महिन्याला हजारांचा फरक पडतो.

मोठ्या संकुलात महिन्याचं शुल्क सदस्यामागे ७,५०० रुपयांच्या वर आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर १८ टक्के जीएसटी चढतो. पोहण्याचा तलाव, सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि ओल्या कचऱ्याचं यंत्र असलेल्या संकुलात बिल्डर ताबा देताना एक-दोन वर्षांची देखभाल आगाऊ घेतो, आणि ती संपल्यावर खरा आकडा कळतो. माहितीपुस्तकातला दर बिल्डरचा असतो आणि प्रक्रिया केंद्राचं वीजबिल रहिवाशांचं.

सिंकिंग फंड आम्ही दर महिन्याला भरतोच. मग मोठ्या दुरुस्तीला परत पैसे का मागतात?

जुन्या सोसायट्यांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. उपविधी सांगतात की सिंकिंग फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के घ्यावा. जमिनीची किंमत त्यात धरायची नाही. अडचण ‘बांधकाम खर्च’ या शब्दात आहे.

८०० चौरस फुटांचा फ्लॅट धरा. इमारत बांधली तेव्हा चौरस फुटाला ३०० रुपये खर्च आला असेल तर फ्लॅटचा बांधकाम खर्च २ लाख ४० हजार. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे वर्षाला ६०० रुपये, महिन्याला ५०. चाळीस फ्लॅटचे मिळून वर्षाला २४ हजार आणि पंचवीस वर्षांत मुद्दल ६ लाख. आज बाहेरचा गिलावा, पाइप आणि रंग मिळून २५ लाखांचं काम निघालं तर निधी कुठेच पुरत नाही. मग घरटी जवळपास पन्नास हजारांची एकरकमी वर्गणी निघते, आणि ज्यांना ती जड जाते ते काम अडवून धरतात.

उपविधींतला आकडा किमान आहे, कमाल नाही. सर्वसाधारण सभेत ठराव करून आजच्या बांधकाम दरावर निधी बसवता येतो. चौरस फुटाला २,५०० रुपये धरले तर त्याच फ्लॅटचा खर्च २० लाख, सिंकिंग फंड वर्षाला ५ हजार आणि दुरुस्ती निधी १५ हजार. दोन्ही मिळून महिन्याला सुमारे १,६७० रुपये. बिल कमी ठेवणारी कमिटी चांगली, हा समज आपण सोडायला हवा.

म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हा फरशीच्या आधी सोसायटीचा ताळेबंद बघा. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी मिळून किती आहे आणि तो मुदतठेवीत आहे का, हे त्यात दिसतं. त्या रकमेला फ्लॅटच्या संख्येने भागा. इमारत वीस वर्षांची आणि फ्लॅटमागे दहा हजारही जमा नसतील, तर येणारी वर्गणी खरेदीच्या किमतीत धरूनच घासाघीस करा.

वरच्या मजल्यावरून आमच्या न्हाणीघराच्या छताला ओल येते. खर्च कोणाचा?

आधी पाणी कुठून येतं ते ठरवा. भांडण त्यानंतरही करता येतं.

ओल रात्रंदिवस सारखी, कोणी नळ सोडला नाही तरी ठिबकते, तर भिंतीत दबलेली दाबाच्या पाण्याची पाइपलाइन फुटली आहे. वरच्यांनी आंघोळ केल्यावर तासाभराने वाढते, तर न्हाणी ट्रॅपचा (पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा, सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीच्या फटी. फक्त पावसाळ्यात येते, तर बाहेरची भिंत, खिडकीची चौकट किंवा डक्टमधला (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतला) पाइप.

दुसऱ्या प्रकारात एक सोपी चाचणी करा. वरच्या न्हाणीघराचा ट्रॅप कापड आणि प्लास्टिकने घट्ट बंद करा, जमिनीवर इंचभर पाणी साठवा, त्यात खाण्याचा रंग मिसळा आणि २४ तास थांबा. खाली रंग उतरला तर फरशी झिरपते. उतरला नाही तर ट्रॅप मोकळा करून रंगीत पाण्याच्या दोन-तीन बादल्या एकदम ओता. आता उतरला तर दोष ट्रॅपचा किंवा खालच्या पाइपचा.

न्हाणीघराच्या आतली गळती, मग ती फरशी, ट्रॅप किंवा आतल्या नळजोडाची असो, ज्याचं न्हाणीघर त्याच्या खर्चाने दुरुस्त होते. बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि गच्ची यांतून येणारं पाणी ही संस्थेची जबाबदारी. सदनिकांच्या छताच्या स्लॅबची संरचनात्मक दुरुस्तीही संस्थेकडेच येते. वरच्या मजल्यावरच्या माणसालाच गच्ची दुरुस्त करायला लावणाऱ्या कमिट्या असतात. गच्ची सगळ्यांची आहे आणि तिचा खर्चही सगळ्यांचा.

न्हाणीघर पुन्हा करून घेतलं, तरी वर्षभरात गळतं. असं का होतं?

कारण बहुतेक ठिकाणी जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवतात. न्हाणीघराचा स्लॅब खाली दबलेला असतो आणि त्यात विटांचे तुकडे किंवा राडारोडा भरलेला असतो. एकदा त्या भरावात पाणी मुरलं की वर कितीही चकचकीत टाइल लावा, ते पाणी स्पंजमधल्यासारखं आत राहतं आणि महिनोन्‌महिने खाली उतरत राहतं.

पहिला आणि स्वस्त उपाय म्हणजे टाइलच्या फटी खरवडून त्यात इपॉक्सी ग्राउट भरणं. दोष फटींत असेल तर एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर मूळ स्लॅब उघडा पडेपर्यंत सगळं काढा. जुने लोखंडी पाइप असतील तर याच वेळी बदला. कोपऱ्यांत काटकोन ठेवायचा नाही, सिमेंटचा गोलसर वाटा मारायचा, कारण लेप तडकतो तो कोपऱ्यातच. मग पॉलिमरमिश्रित सिमेंटच्या लेपाचे दोन हात, एकावर एक आडवे-उभे, भिंतीवर किमान फूटभर आणि शॉवरखाली डोक्याच्या उंचीपर्यंत. पाइप जिथून स्लॅब भेदून जातो तिथे वेगळं सीलिंग. त्यानंतर ट्रॅप बंद करून ४८ ते ७२ तास पाणी भरून ठेवायचं आणि खाली जाऊन बघायचं. ही चाचणी झाल्याशिवाय भराव आणि फरशी होऊ देऊ नका. कंत्राटदाराला घाई असते आणि ही चाचणी तो आधी गाळतो. फरशीला ट्रॅपकडे मीटरमागे एक सेंटिमीटर उतार हवा.

गच्ची गळते. जुन्या कोब्यावर आणखी एक कोबा घातला तर?

घालू नका. चार इंच वीटकोब्याचं (विटांचे तुकडे आणि सिमेंट यांच्या थराचं) वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो असतं. ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर तो ६० टन भार, आणि तोही ओल्या झालेल्या जुन्या थरांवर. जुना कोबा काढून, स्लॅबच्या भेगा भरून नवं काम करणं महाग पडतं, पण इमारतीला तेच झेपतं. केवळ वरवरच्या बारीक भेगा असतील तर जाळी घालून लवचीक लेप चालतो. असा लेप उन्हाने काही वर्षांत झिजतो, तेव्हा फेरलेपाचे पैसे आत्ताच बाजूला धरा.

गच्चीची निम्मी काळजी फुकटात होते. मे महिन्यात पावसाळी पाइपांची तोंडं आणि जाळ्या साफ करा, कुंड्या उचला, अँटेना आणि सौर पॅनेलचे खिळे कोब्यात ठोकू देऊ नका.

छताचे पोपडे पडून सळया दिसायला लागल्या आहेत. गवंड्याकडून गिलावा करून घेऊ का?

नुसता गिलावा करणं म्हणजे गंज झाकणं. काँक्रीट ताजं असताना त्यातला अल्कधर्मी गुण सळईला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत गेला, किंवा समुद्राकाठी क्षार पोहोचले, की हे संरक्षण संपतं. ओल मिळाली की सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. म्हणून सळईच्या रेषेत सरळ गेलेली भेग गिलाव्याच्या वेड्यावाकड्या केसभेगेपेक्षा गंभीर समजायची. छतावर काठीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तिथे पुढचा पोपडा तयार आहे.

नीट दुरुस्ती अशी: छताला टेकू द्यायचे, सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढायचं, गंज घासून चकचकीत धातू दिसू द्यायचा, गंजरोधक लेप आणि जोडलेप लावायचा, मग पॉलिमर मॉर्टरचे पातळ थर द्यायचे. तुळई किंवा खांब असेल तर साचा लावून मायक्रो काँक्रीट ओतायचं. सळई बारीक झाली असेल तर नवी जोडायची की नाही हे संरचना अभियंता ठरवेल, कंत्राटदार नव्हे. आणि ज्या पाण्याने हे झालं ते बंद केल्याशिवाय यातलं काहीच टिकत नाही.

स्ट्रक्चरल ऑडिट कधी करायचं?

इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा, ३० च्या पुढे तीन वर्षांतून एकदा. नुसता फोटो काढून दिलेला अहवाल घेऊ नका. हातोडा चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी, कार्बन किती खोल शिरला त्याची चाचणी आणि गरज पडल्यास काँक्रीटचा गाभा काढून तपासणी, एवढं त्यात असावं. मुंबईत इमारतींची सी-१ ते सी-३ अशी वर्गवारी होते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२ चे दोन्ही प्रकार (ए आणि बी) संरचनात्मक दुरुस्तीचे, सी-३ किरकोळ दुरुस्तीचा.

पुनर्विकास होणारच आहे, मग आता दुरुस्ती कशाला?

या एका वाक्याने अनेक इमारती राहण्याजोग्या राहिल्या नाहीत. पुनर्विकासात विकासक निवडणं, अभिहस्तांतरण (जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होणं) नसेल तर आधी मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने ते टाळलं तर सरकारी आदेशाने होणारं) मिळवणं, करार आणि परवानग्या यांत वर्षं जातात, आणि विकासक मध्येच थांबला तर आणखी. तोवर लोक त्याच छताखाली झोपतात. रंगकाम आणि लादी पुढे ढकला, हरकत नाही. गळती, सुटलेले छज्जे, गंजलेले खांब आणि उघड्या वायरी मात्र त्याच वर्षी दुरुस्त करा.

नव्या इमारतीत तरी दुरुस्तीचा खर्च बिल्डरवर टाकता येतो ना?

रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेचा किंवा कारागिरीचा, दर्जाचा, सेवांचा दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी हवी, फोटोंवर तारीख हवी. पहिल्या दोन पावसाळ्यांत प्रत्येक भिंत बघा. आणि तुम्ही स्वतः न्हाणीघर फोडून बदललंत तर तिथल्या गळतीचं उत्तर बिल्डर देणार नाही, हे धरून चला.

मालमत्ता करात काही वाचवता येतं का?

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करमाफी आहे. पुण्यात स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत आहे, पण त्यासाठी पीटी-३ अर्ज पुराव्यासह द्यावा लागतो. फ्लॅट विकत घेतलात आणि आधीचा मालक तो भाड्याने देत होता, तर बिल पूर्ण दरानेच येत राहील. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, ती फार वेगाने साचते.

फ्लॅट भाड्याने दिलात तर सोसायटी ना-भोगवटा शुल्क लावते. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसतं, एकूण बिलाच्या नव्हे.

घराच्या आतल्या कोणत्या खर्चाचा अंदाज चुकतो?

विजेचा, सर्वांत जास्त. जुन्या फ्लॅटमधल्या वायरी पंखे आणि दिव्यांसाठी टाकलेल्या असतात. गिझरला २.५ चौरस मिलिमीटरची, एसीला ४ ची स्वतंत्र तांब्याची वायर थेट पेटीपासून हवी. ३० मिलिअँपियरचा गळतीरोधक स्विच बसवा आणि त्याचं चाचणी बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर गिझरमधला मॅग्नेशियमचा दांडा दरवर्षी तपासा. तो झिजून संपला की टाकी गंजायला लागते.

खिडक्यांच्या स्लायडिंग पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक छिद्रं असतात. ती धुळीने बुजली की पावसाचं पाणी घरात येतं आणि लोक सिलिकॉनच्या नळ्या संपवतात. ग्रिल भिंतीबाहेर बसवताना बोल्ट थोडा वरच्या दिशेने गेला तर पाणी त्यातूनच भिंतीत उतरतं. एसीचं पाणी भिंतीवर सोडू नका.

वर्षाला किती बाजूला ठेवावं, तर आमच्या मते वीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीत वर्षभराच्या देखभालीच्या बिलाएवढीच आणखी रक्कम, नव्या इमारतीत निम्मी.

लिफ्ट, अग्निशमन आणि टाक्यांचा खर्च टाळता येतो का?

नाही. लिफ्टचा वार्षिक करार सर्वसमावेशक आहे की नुसती सेवा, हे वाचा, कारण दुसऱ्या प्रकारात दोर आणि कंट्रोल पॅनेल तुमच्या खिशातून जातात. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. टाकीत पाणी चढवणारे पंप दोन हवेत, एक चालू आणि एक राखीव.

विमा सोसायटीचा पुरतो का?

तो इमारतीचा असतो, तुमच्या कपाटाचा नाही. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे आहे. तिच्यात आपल्या फ्लॅटच्या बांधकामाचा विमा घेतला की घरातल्या सामानाला विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. विमा पुनर्बांधणीच्या खर्चाचा घ्यायचा, बाजारभावाचा नव्हे. जमीन जळत नाही.

कोकणात आजोबांचं कौलारू घर आहे, बंदच असतं. बंद घराला कसला खर्च?

बंद घराला जास्त. माणसं राहत होती तेव्हा चुलीचा धूर वाशांना लागायचा, दारं उघडायची, ओल सुकायची. आता तेच घर चार महिने दमट राहतं आणि वाळवी जमिनीतून चिऱ्याच्या सांध्यांतून वासे आणि चौकटींपर्यंत चढते. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या फक्त झाडून टाकू नका. पायाच्या कडेने जमिनीत वाळवीनाशक सोडून घ्या.

कौलांची शाकारणी दरवर्षी एप्रिल-मेमध्ये व्हायलाच हवी: फुटकी बदलणं, सरकलेली बसवणं, पन्हळी साफ करणं, कुजलेली रीप काढणं. माकडं कौलं फोडतात, त्यामुळे शंभरेक जुनी कौलं पडवीत रचून ठेवा. नवं मंगळुरी कौल जुन्या साच्याला नेहमी बसतंच असं नाही. एक फुटलेलं कौल जूनमध्ये बदललं नाही तर ऑक्टोबरपर्यंत त्याखालचा वासा जातो, आणि वाशाबरोबर सुताराचा खर्च येतो. पश्चिमेच्या भिंतीला झडीपासून आडोसा करा. घरपट्टी ग्रामपंचायतीत दरवर्षी भरा आणि पावती सांभाळा.

शेजारच्या कोणाला तरी पंधरा दिवसांतून एकदा दारं-खिडक्या उघडून तासभर वारा खेळवायला सांगा, आणि त्याचे पैसे ठरवून नियमित द्या. पावसात फुटलेलं कौल त्यालाच आधी दिसणार आहे.